तांड्यातला गुलूबंद

माझे वडील यवतमाळला शिंपी होते. गावातले बाकीचे शिंपी सदरे, पायजमे, चोळ्या शिवत. वडिलांचा हात कोटावर होता. कचेरीतले कारकून, वकील, एखादा जिनिंगवाला त्यांच्याकडे यायचा. इंग्रज गेले त्या सुमाराला जंगलखात्यातला एक साहेब विलायतेला परत निघाला. जाताना त्याने जुन्या कोटांचं एक गाठोडं वडिलांना देऊन टाकलं. त्यातल्या एका कोटाच्या आतल्या खिशात तळहाताएवढं पुस्तक निघालं, वाळवीनं अर्धं खाल्लेलं. त्यात चित्रंच चित्रं होती आणि सगळी गळ्यांची. हनुवटीपासून छातीपर्यंतचा माणूस, वर डोकं नाही, आणि गळ्याला पांढरं कापड गुंडाळलेलं. दर पानावर गुंडाळायची तऱ्हा वेगळी.

वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाटलं, दवाखान्यातलं पुस्तक आहे, मानेला मार लागला की पट्टी कशी बांधायची ते सांगणारं.

"एवढे लोक मानेवर कायले पडत असन?" असं ते आईला म्हणाले होते.

मी मॅट्रिकला पोचले तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून ते पुस्तक वाचून काढलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडचे बडे लोक चार हात लांब मलमल खळ लावून गळ्याला गुंडाळत. रोज सकाळी आरशासमोर बसत. एक चुणी जरी मनासारखी पडली नाही, तरी ते कापड बाजूला टाकून नवं घेत. गाठ पाहून माणसाची पारख होई. मी हे वाचून दाखवलं तेव्हा वडील कात्री खाली ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे शिंप्याचं अर्धं काम हे लोक सोताच करत. आणि आपल्याले वाटे, साहेबाले काहीच येत नाही."

त्यांनी त्या कापडाला गुलूबंद म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या घरात तोच शब्द राहिला. दुकान बंद केल्यावर ते स्टुलावर बसायचे, मी जुन्या धोतराची पट्टी तांदळाच्या पेजेत बुडवून, सुकवून, त्यांच्या गळ्याला बांधायची. पुस्तक त्यांच्या गुडघ्यावर उघडं. गाठ जमायची, पण कापड उभं राहायचं नाही. चित्रातला गळा ताठ, पांढराशुभ्र, कानापर्यंत चढलेला. वडिलांचा गुलूबंद थोड्या वेळात बसकण मारायचा. जिथे हे नीट समजावलं असावं ती पानं नेमकी वाळवीनं नेली होती.

हा नाद वाढतच गेला. जुन्या फोटोत कोणाची कॉलर कशी आहे, पूर्वी कोटाच्या बाह्या खांद्याशी फुगीर का ठेवत, यावर आम्ही बापलेक तासन् तास बोलायचो. एकदा मला बघायला पाहुणे आले ते सांगितल्या वेळेच्या आधीच आले. दारात वडील गळ्याला खळीची पट्टी बांधून, हनुवटी वर करून उभे. पाहुण्यांनी चहा घेतला आणि पुन्हा निरोप आला नाही. आई बरेच दिवस बोलली नाही, आमच्याशी म्हणजे दोघांशीही.

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात मला विकास योजनेच्या शिवणवर्गावर नोकरी लागली. मुकुटबनला पाठवलं. तेव्हा तो सगळा भाग वणी तालुक्यात होता. वणीपर्यंत मोटार, पुढे मिळेल ती बैलगाडी. एका खोलीत चार मशिनी, एक कपाट आणि समोर सतरंजीवर बसलेल्या दहा-बारा बाया. कपाशीचा वेचा सुरू झाला की त्यातल्या दोनच उरायच्या.

त्या दोघींतली एक बंजाऱ्यांच्या तांड्यावरची होती. दोन कोस चालत यायची. माझ्याच वयाची, आरशांचा घेरदार घागरा, त्यांच्या बोलीत फेटिया, घातलेली, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती तांड्याच्या प्रमुखाची, नाईकांची सून. हातानं भरतकाम ती माझ्याहून कितीतरी चांगलं करायची. तिला फक्त मशीन शिकायचं होतं. तांड्यात ती त्यांची गोर बोली बोलायची, माझ्याशी आमच्यासारखीच वऱ्हाडी.

एक दिवस वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली.

"बाई, पतलं कापड मशिनवर शिवता येते का?"

"किती पतलं?"

तिनं तळहात उघडून पाहिला. मग म्हणाली, "हातावर ठेवलं तर हाताच्या रेघा दिसते, असं."

"एवढी मलमल मशिनवर नाही टिकणार. कशाची आहे?"

"लगनाची. माह्या दिराचं लगन आहे पंधरा दिवसांनं, आणि उंदरानं कुरतडलं. सासरे जेवून नाही राह्यले दोन दिवसांपासून."

कापड घेऊन ये म्हटलं तर ती मान हलवायला लागली. ते तांड्याबाहेर जात नाही म्हणाली. म्हणून रविवारी मीच तिच्याबरोबर गेले.

नाईक सत्तरीचे असतील. उंच, पांढऱ्या मिशा, डोळ्यांत फूल पडायला लागलेलं. त्यांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, माझ्या वडिलांचा धंदा विचारला. शिंप्याची मुलगी म्हटल्यावर त्यांना धीर आलेला दिसला. ते आत गेले आणि हातभर लांबीचं बांबूचं नळकांडं घेऊन आले. वर लाकडी बूच, त्याची एक बाजू उंदरानं पोखरलेली. सुनेनं अंगणात धुतलेली गोधडी अंथरली. नळकांड्यातून कडुलिंबाचा वाळलेला पाला पडला आणि मग त्यांनी दोन बोटांनी कापडाची गुंडाळी बाहेर काढून गोधडीवर सोडली.

चार हात लांब. दीड वीत रुंद. दुधावरच्या सायीसारखा रंग. चारही कडा हातानं गुंडाळून शिवलेल्या.

ते काय आहे हे मला बघताक्षणी कळलं, आणि कळूनही खरं वाटेना. ज्याचं चित्र मी दहा वर्षं पाहत होते, ज्याच्यासाठी माझ्या वडिलांनी लोकांचं हसू सोसलं होतं, ते माझ्यासमोर एका तांड्याच्या अंगणात पसरलेलं होतं आणि शेजारी कोंबड्या फिरत होत्या. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. नाईक ते बघत होते.

"हात लावा ना बाई. तुमाले त्याच्याच साठी तर बलावलं."

"नाईकबाबा, हे तुमच्याकडे कुठून आलं?"

ते गोधडीच्या कडेला बसले आणि सांगू लागले.

"माहा आजा लदेणीवर होता. आगगाडी नव्हती तवा. बैलाच्या पाठीवर मीठ घेऊन यायचं, इकडून धान्य, डिंक घेऊन जायचं. तवा जमीन मोजणारा एक साहेब होता, लोखंडाची साखळी घेऊन फिरे. पार खाली, दूरच्या रानात त्याले ताप भरला. त्याच्या लोकाईले वाटलं हैजाच आहे, थे पळून गेले. आमच्या लोकाईले थो सागाच्या झाडाखाली एकटाच भेटला. मंग त्याले खाटेवर टाकलं अन् चौघांनी खांद्यावर घेतलं, वणीपर्यंत. बैलाच्या चालीनं नऊ दिवस लागले. रोज सकाळी निघाच्या टायमाले साहेब खाट उचलू देत नव्हता. आधी हे गळ्याले बांधा लागे. ताप असो का काही असो. पण त्याचे हात कापत. म्हणून माह्या आज्याले खुणा करून सांगे, असं धर, असं फिरव. आजा तवा जवानच होता. नऊ सकाळ त्यानं बांधलं."

"आणि मग?"

"वणीले डाक्टर होता, त्याच्या गाडीत साहेबाले दिलं. देतानी साहेबानं हे गळ्यातून काढलं अन् आज्याच्या गळ्यात टाकलं. पुढं थो जगला का मेला, माईत नाही. पण तवापासून आमच्या घरातला नवरदेव हे बांधल्याबिगर लगनाले उभा नाही राहत."

मी विचारलं, "कसं बांधता?"

"आज्यानं शिकवलं तसंच. माह्या बापाच्या लगनात आज्यानं बांधलं, माह्याही लगनात त्यानंच बांधलं. तवा थो लय म्हातारा होता."

मी चार दिवसांची रजा टाकली. रोज सकाळी तांड्यावर जायची. दुसऱ्या कोणत्या धाग्यानं ते कापड रफू करणं मला पटेना, म्हणून उंदरानं चघळलेल्या टोकाचेच धागे एकेक करून उकलले आणि त्याच धाग्यांनी भोकं भरली. धागा इतका बारीक की श्वास लागला तरी उडायचा. नाईकांची सून माझ्यासमोर बसून सुईत धागा ओवून द्यायची. तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण होती. काही भोकं तिनंच भरली, आणि आज कोणी विचारलं तर तिची कोणती आणि माझी कोणती ते मला सांगता येईल, कारण तिची जास्त चांगली होती. चौथ्या दिवशी नाईकांनी बोटांनी चाचपून पाहिलं आणि त्या दुपारी ते पोटभर जेवले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सुनेनं कापडाला खळ दिली. तांदळाच्या पेजेची नाही. धावड्याचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, त्यात ते बुडवलं. अर्धवट वाळल्यावर लांबीत तीन घड्या घालून पाटाखाली दाबून ठेवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी तांड्यातली झाडून सगळी माणसं अंगणात जमली होती. हलगी वाजत होती ती थांबली. नवरदेव पाटावर बसला. नाईक समोर उभे राहिले. त्यांनी दोन्ही हातांत घडीचं कापड धरलं आणि मोठ्यानं एक शब्द म्हटला.

"चिनाप!"

नवरदेवानं हनुवटी वर केली, थेट आभाळाकडे. नाईकांनी कापडाचा मधला भाग त्याच्या गळ्यावर पुढून टेकवला, दोन्ही टोकं मानेमागे नेली, तिथे एकमेकांवरून ओलांडून पुढे आणली. कापड हनुवटीच्या वर चढलेलं, जवळजवळ ओठांपर्यंत. एका झटक्यात त्यांनी पुढे साधी गाठ मारली. त्यांची नजर अधू झाली होती आणि ते बघतही नव्हते, त्यांची मान दुसरीकडेच होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, "इझीना."

नवरदेव हनुवटी खाली आणू लागला. इतकी हळू, की हलते आहे हे कळू नये. आणि ती खाली येत गेली तसं ते ताठ कापड जबड्याखाली दबत गेलं आणि त्याला आपोआप चुण्या पडत गेल्या, एकाखाली एक, सारख्या अंतरावर. कोणी बोट लावलं नाही. पुस्तकातलं चित्र माझ्या डोळ्यांसमोर तयार होत होतं. मी आणि वडील इतकी वर्षं त्या चुण्या बोटांनी पाडायला बघत होतो. त्या माणसाच्या हनुवटीनंच पडायच्या असतात.

त्याच्याबरोबर माझीही हनुवटी खाली येत होती, हे मला नंतर कळलं.

हनुवटी सरळ झाल्यावर नाईकांनी दोन पावलं मागे येऊन म्हटलं, "द्याटिल्डू."

आणि अंगणातल्या सगळ्यांनी, म्हाताऱ्या बायांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत, एका आवाजात म्हटलं, "द्याटिल्डू." हलगी पुन्हा सुरू झाली.

जेवणाच्या वेळी नाईक माझ्याजवळ येऊन बसले.

"बाई, तुमाले इंग्रजी येते म्हंते सून. हे शब्द साहेबाचे आहे. आज्यानं जसे ऐकले तसे सांगितले. चिनाप म्हंजे काय?"

"हनुवटी वर कर."

त्यांनी आपल्या हनुवटीला बोट लावलं. "थेच तर पोरगं करून राह्यलं होतं."

"हो."

"अन् इझीना?"

"सावकाश आता. हळूहळू."

"बराबर आहे. मंग तिसरा?"

तिसरा मला लगेच लागला नव्हता. मी तो मनात दोन-तीनदा वेगवेगळा म्हणून पाहिला, तेव्हा उलगडला: दॅट विल डू. साहेबानं नऊ सकाळी खाटेवर पडून, तापात, समोरच्या परक्या माणसाला म्हटलेलं ते वाक्य होतं.

"काम मनासारखं झालं की ते लोक म्हणतात तसं. बस, जमलं, असं."

नाईकांनी मान खाली घातली. मला वाटलं, त्यांची निराशा झाली. एवढी वर्षं मंत्र म्हणून जपलेला शब्द आणि अर्थ इतका साधा. पण त्यांनी वर पाहिलं तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"म्हंजे माह्या आज्याले थो रोज म्हणे, जमलं म्हणून?"

"रोज."

"नऊ वेळा," ते म्हणाले.

लग्नानंतर महिनाभरानं सून वर्गात आली आणि मशिनीवर न बसता माझ्यापुढे बसली. सासऱ्यांची नजर आता पार गेली म्हणाली. नवऱ्याला ते शिकवायला बघतात, पण त्याच्या बोटांना नांगराची सवय, कापड त्याच्या हातात मरतं. सासऱ्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, तू शीक. तांड्यातल्या एक-दोघांनी कुरकुर केली, बाईनं कसं बांधायचं म्हणून. त्यांना नाईकांनी एवढंच विचारलं, की साहेबानं बांधणाऱ्याची जात विचारली होती का?

"मले गळा पायजे बाई," ती म्हणाली. "तांड्यातला कोणी माह्यासमोर बसाले तयार नाही. माह्या नवऱ्याले हसू येते."

म्हणून ती माझ्या गळ्यावर शिकली. वर्ग सुटला की दार लोटून घ्यायचो. मांजरपाटाच्या पट्टीवर सुरुवात केली, मग मी वणीहून मलमल आणली. ती चिनाप म्हणायची आणि मी छताकडे पाहायची. तिची बोटं मानेमागे जायची, थंडगार, डिंकाचा वास असलेली. मग इझीना. पहिल्यांदा चुण्या बरोबर पडल्या तेव्हा मी कपाटाच्या काचेत स्वतःला पाहिलं. नऊवारीवर, कुंकवाखाली, कानापर्यंत चढलेला तो पांढरा गुलूबंद. हसायला येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मान आपोआप ताठ झाली होती, खाली घालायची म्हटली तरी घालता येत नव्हती. तापानं फणफणलेला माणूस खाट उचलण्याआधी हे का मागत होता, ते मला तेव्हा गळ्यापाशी कळलं.

घरी मी सगळं पत्रातून कळवलं होतं. वडिलांनी उलट टपाली एकच ओळ लिहून घेतली होती, आईकडून: पुढचं लग्न असेल तेव्हा कळव.

ते लग्न तीन वर्षांनी झालं, नाईकांच्या पुतण्याचं. तोवर एसटी सुरू झाली होती. वडील यवतमाळहून वणी, वणीहून मुकुटबन असे आले, स्वतः शिवलेला काळा कोट घालून, ऐन उन्हाळ्यात. तांड्याच्या वेशीवर त्यांनी वहाणा काढल्या. मी म्हटलं, अहो इथे काढायची गरज नाही. त्यांनी ऐकलं नाही.

सुनेनं बांधलं. नाईक खाटेवर बसून कानानं ऐकत होते. चुण्या पडताना कापडाचा बारीक आवाज होतो, तो त्यांना कळत असावा. वडील सगळ्यांच्या मागे हात जोडून उभे होते.

लग्न लागल्यावर कापड सोडलं, तेव्हा वडील नाईकांच्या पुढे जाऊन बसले.

"नाईकसाहेब, एक मागू का? कड पाहू द्या मले."

नाईकांनी कापड त्यांच्या दोन्ही तळहातांवर आडवं ठेवलं. वडिलांनी चष्मा पुसला, लावला, मग काढून कापड डोळ्याजवळ नेलं. किती वेळ ते तसेच होते. कड तांदळाच्या दाण्याहून बारीक गुंडाळलेली होती आणि टाका कुठे दिसत नव्हता; नखानं चाचपलं तरच लागायचा. उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत त्यांनी ती सगळी तशी नखानं चाचपत नेली. आम्ही रफू केलेल्या जागी थांबले, माझ्याकडे आणि सुनेकडे पाहिलं, पुढे गेले.

"कोनं केलं असन?" नाईकांनी विचारलं.

"तेच पाहून राह्यलो," वडील म्हणाले. "एकाच हाताचं आहे. बाईचा हात असावा. कापड कदाचित आपल्या इकडचंच असन, बंगालकडून गेलं असन तिकडं. सांगता नाही येत."

परतताना एसटीत मी त्यांना चुण्यांबद्दल, डिंकाबद्दल विचारत होते. बांधणं कसं वाटलं, चित्रातल्यासारखं होतं की नाही. ते खिडकीबाहेर बघत हं हं करत होते. वणी जवळ आल्यावर म्हणाले, "साहेबाची गोष्ट तांड्याले माईत आहे. आज्याची माईत आहे. कड घालणाऱ्या त्या बाईले कोणी एकदा तरी म्हटलं असन का, जमलं म्हणून?"

वणीच्या स्टँडवर यवतमाळची गाडी यायला वेळ होता. आम्ही निंबाच्या सावलीत बाकावर बसलो. त्यांनी खिशातून आपला रुमाल काढला, गुडघ्यावर पसरला, त्याची स्वतः घातलेली कड बराच वेळ पाहिली आणि घडी घालून पुन्हा खिशात ठेवला.